देवघरातले बूट

माझी मुलगी जन्मली तीच दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन, आणि तिच्या डाव्या नडगीभोवती दोरा आवळल्यासारखा खोल वळ होता. पोटातच गर्भपिशवीच्या पडद्याचा एखादा धागा पायाला गुंडाळला गेला असणार, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. “फार दुर्मिळ केस,” ते म्हणाले. भोकरदनच्या आमच्या गल्लीला हा शब्द फारच आवडला. बायका मुद्दाम दुर्मिळ पाय बघायला येत आणि उपाय म्हणून त्याच पायात बांधायला काळा दोरा आणत. दोऱ्यानेच ही गत केली होती, तरी! मी सगळे दोरे चुलीत घातले.

दर आठवड्याला एसटीने जालना गाठायचं आणि प्लास्टर बदलून घ्यायचं. हळूहळू पावलं सरळ झाली. मग पट्टीने जोडलेले चिमुकले बूट मिळाले. आंघोळ सोडली तर ते सतत पायात हवेत, नाहीतर पाय पुन्हा वळतील, असं डॉक्टरांनी बजावलं. शिवाय वळामुळे डाव्या पायाला रक्त कमी पोचतं, तिथे ऑपरेशन करणं जोखमीचं. मी शाळेत शिकवायला जायची आणि लेक दिवसभर सासूबाईंजवळ असायची.

पुढच्या खेपेला सासूबाईही सोबत आल्या होत्या. डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. डावं पाऊल परत वळू लागलं होतं.

“आजी, बूट काढता का?”

“न्हाई हो साहेब,” सासूबाई ठामपणे म्हणाल्या. “फक्त घरात काढतो.”

“आणि बाहेर?”

“बाहेर कुठं जाती ती? आत्ता कुठं रांगाया लागली.”

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही. आमचे देव मधल्या खोलीत, लेक दिवसभर तिथेच, आणि तिथे बूट बिलकुल चालत नाहीत. मी परत येईपर्यंत सासूबाई नातीला बूट चढवून ओट्यावर बसलेल्या असत. मला पत्ताच नव्हता.

पुन्हा पहिल्यापासून प्लास्टर सुरू झालं. ते निघालं त्या दिवशी मी बुटांना हळदकुंकू लावलं आणि जाहीर केलं, “आत्या, हे बूट न्हाईत, वाळे आहेत.”

“मंग आधी का न्हाई सांगितलं?” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः नातीला वाळे चढवून देवापुढे बसवलं. त्यांनाही तेवढीच पळवाट हवी होती बहुतेक.

ती चालू लागली तशी पट्टी फक्त झोपताना राहिली आणि काही वर्षांनी डॉक्टरांनी बूटही बंद केले. बाजारातून लाल चपला घेतल्या. मुलगी त्या घालून उंबरा ओलांडून तरातरा थेट देवापुढे जाऊन उभी राहिली. जन्मभर घरात पायात काहीतरी असायचंच, तिला काय ठाऊक!

“चपला!” सासूबाई ओरडल्या. मग त्यांची नजर तिच्या पावलांवर गेली. दोन्ही समोर बघत होती.

“ऱ्हाऊ दे,” त्या डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. “देवालाबी बघू दे जरा.”