मामांचं आणि पाण्याचं वैर

पाणी हे फक्त शेतीसाठी आणि आंघोळीसाठी निर्माण झालं असून ते दुसऱ्या कशातही घालणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: माझे मामेसासरे. लातूरच्या आडत बाजारात, तुरीच्या व्यापारात त्यांचं आयुष्य गेलं. वजन वाढवायला पाणी मारलेला माल पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पोत्यातून मूठभर तूर काढायची, डोळे मिटून बोटांत चोळायची आणि म्हणायचं, "ओली हाय. वाळवून आणा." पुढे कोणी वाद घालत नसे.

हा बाणा घरीही होता. त्यांच्याकडचं वरण सुरीनं कापावं लागे. नांदेडला आमच्या लग्नात वाढप्यानं वरण वाढलं, तेव्हा वाटीत डोकावून ते मला म्हणाले, "जावई, ह्यात डाळ कुठं हाय? मला माझं तोंड दिसायलंय." चहा सोडला, कारण तो पाण्यात करतात. पुढे दूधवाल्यावर संशय आला आणि दूध, दही, ताक, सगळंच बंद झालं. मामी वाटी पुढे करून दमल्या. "मी काय म्हैस हाय का, धुवण प्यायला?" असं विचारून मामा वाटी परत सरकवत.

घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, त्यात दुधालाही फाटा. व्हायचं तेच झालं. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं बधिर झाली. मामांनी कोणाला सांगितलं नाही. एक दिवस दुकानात मूठ भरली, डोळे मिटले, आणि तूर ओली की वाळलेली, ते बोटांना कळेचना. त्यानंतर मामी जेवणाचा डबा घेऊन आल्या की दुकानातच बसू लागल्या. पोत्यातली मूठ त्यांच्या तळहातावर यायची, त्या हळूच "ओली" म्हणायच्या आणि मामा ते मोठ्यानं जाहीर करायचे. सगळ्या बाजाराला कळत होतं, पण कोणी दाखवलं नाही. याबद्दल मला त्या बाजाराचं फार कौतुक वाटतं. मामा मात्र खचले होते. "आडत्याचा हात गेला जावई, मग ऱ्हायलं काय?" म्हणाले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. दूध-मांसातून मिळणारं बी-बारा जीवनसत्त्व पार तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत मामांच्या पायात गोळे यायला लागले, छाती धडधडू लागली. "मला हे मानवत न्हाई," म्हणून ते इंजेक्शन बंद करायला निघाले. मी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं. परत रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "काका, औषध लागू पडलंय. नवं रक्त तयार होतंय, ते पोटॅशियम ओढून घेतंय, म्हणून हा त्रास. इंजेक्शन सोडलं तर बोटांची जाण परत येणार नाही. हे पोटॅशियमचं पातळ औषध सांगितलं तेवढंच, ग्लासभर पाण्यात घालून, जेवणानंतर घ्या."

ग्लासभर पाण्यात! घरी येताच मामांनी ते तसंच, बिनपाण्याचं घेतलं. "पाणीच पाहिजे असतं तर कारखान्यातच घातलं नसतं का?" पोटात आग पडली, ओकाऱ्या झाल्या आणि ते बाटली फेकायला उठले. तेव्हा कधी आवाज न चढवणाऱ्या मामी ग्लास घेऊन समोर उभ्या राहिल्या. "तुमच्या बोटांपायी मी बाजारात बसून राहिले. तुमच्यानं एक ग्लास पाणी पिणं व्हईना?"

मामा प्याले. ओला माल पूर्ण भावानं विकत घ्यावा तसा चेहरा करून, पण प्याले. रोज प्याले. पोटॅशियम जागेवर आलं, गोळे थांबले, इंजेक्शनं चालू राहिली. मामींनी लगे हात ताकाची वाटीही सुरू केली.

परवा मी लातूरला गेलो होतो. मामांनी पोत्यात हात घातला, डोळे मिटले, बराच वेळ तूर चोळली. "ओली हाय," ते म्हणाले, आणि ओल्या मालावर इतका खूश झालेला व्यापारी मी पाहिला नव्हता. खात्रीसाठी त्यांनी मूठ मामींच्या तळहातावर रिकामी केली. मामींनी मान डोलावली. दाणे पोत्यात परत गेले, तरी मामांनी तो हात सोडला नाही. त्यावरून बोटं फिरवत राहिले.

"तुझा हात लई खरखरीत झाला की गं," ते म्हणाले.

मामी हसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. मी उगाच रस्त्याकडे बघत बसलो.