शेवंताची आई दारातच थांबली

बालवाडीच्या मैत्रिणींनो, हे पत्र वाचून पुढच्या गावी पाठवा.

आज सोनईत मी मुलांच्या आयांची सभा घेतली. नुसत्या सभेला बायका येत नाहीत, म्हणून हळदीकुंकू ठेवलं. ही हुशारी माझीच.

माझ्या वर्गातल्या शेवंताची विधवा आई दारातच थांबली. शेवंता कुंकवाचा करंडा उचलून तिच्याकडे निघाली.

"पोरी, तिला न्हाई लावत," एक बाई म्हणाली.

"का? ती आई न्हाई व्हय?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आणि मीच पोरीच्या हातून करंडा काढून घेतला.

"येते, बाई. घरी लई काम हाय," म्हणत आई तिला घेऊन गेली.

उद्या शेवंता आली, तर तिला काय उत्तर देऊ? आणि नाहीच आली, तर?