जिनिंगमधले दोन खिळे

साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत मी पत्रकार होतो. म्हणजे यवतमाळच्या एका साप्ताहिकाला दिग्रसहून कापूसबाजाराची बातमी पाठवायचो. मोबदला म्हणून अंक फुकट यायचा, आणि तेवढ्यावर मी गल्लीत मान वर करून चालायचो.

बातमी मिळवायची माझी रीत सोपी होती. एका अडत्या शेठच्या गादीवर बसायचं, त्याचा चहा प्यायचा आणि विचारायचं, "शेठ, पुढं काय?" शेठ डोळे मिटून म्हणायचे, "चढंल." मी लिहायचो, 'जाणकारांच्या मते येत्या महिन्यात कापसाला तेजी संभवते.' जाणकार तो एवढाच. आणि छापून आलं की मलाही ते खरं वाटायचं.

त्यातल्याच एका साली थोरल्या भावाला, दादाला, उन्हाळ्याआधी शेतातली विहीर खोल करून बांधून घ्यायची होती. त्यासाठी कापूस विकायला काढला, तर मी अंक पुढे केला. "थांब महिनाभर. पेपरात आलं आहे." दादा थांबला. कापूस माजघरात आढ्यापर्यंत, आणि आम्ही सगळे ओसरीवर. वहिनी कापसातल्या बारीक किड्यांनी हैराण होऊन अंग खाजवत म्हणायची, "भाऊजी, तुमच्या जाणकाराले दोन दिस इथं झोपाले बोलवा."

महिना सरला, भाव जागचा हलला नाही. शेठ नेमके परगावी गेलेले, म्हणून मी बातमी शोधत जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, शिरलो. तिथले फिटर चाचा यंत्राच्या पट्ट्याला मेण लावत बसले होते. त्यांच्यामागे भिंतीत दोन खिळे. डाव्या खिळ्यावर कात्रणांचा जाड गठ्ठा, उजव्यावर दोन-तीन. सगळी माझीच. मला भरून आलं.

"चाचा, इतकं जपून ठेवलं?"

"महिन्यानं पाहाले लागते ना बेटा. लिहिलं तसं झालं तं उजवा खिळा, नाही तं डावा."

प्रत्येक कात्रणाच्या कडेला पेन्सिलीनं नंतरचा खरा भाव लिहिलेला होता. डावा खिळा वजनानं वाकला होता.

"म्हणजे शेठ खोटं बोलतात?"

"नाही रे. त्याचं गोदाम भरून आहे. भाव चढावा असं त्याले मनापासून वाटते. तू त्याचं वाटणं छापते, गोदाम छापत नाही."

"मग तुम्हीच सांगा, चढेल का?"

"मले काय माहीत? हा पट्टा कवा तुटन, तेही मले तुटल्यावरच समजते."

इतके दिवस बाजारात चहा प्यालो, पण 'मले काय माहीत' असं इतक्या सहज म्हणणारा माणूस मी तिथं पहिल्यांदा पाहिला. घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. जाणकार एकच आहे, हेसुद्धा.

दादा म्हणाला, "म्हणजे महिनाभर आपण शेठच्या गोदामापायी खाजवून राह्यलो." दुसऱ्या दिवशी त्यानं बैलबंडीत कापूस भरला आणि बाजारात नेऊन विकला.

पुढच्या बातमीत मी परतलेल्या शेठच्या तेजीसोबत एक वाक्य जास्तीचं लिहिलं: 'असे म्हणणाऱ्यांकडे सध्या पुष्कळ माल शिल्लक आहे.' संपादकांनी जागेअभावी तेवढंच गाळलं.

आणि त्या महिन्यात भाव खरोखर चढला.

मी कात्रण घेऊन चाचांकडे गेलो. खोटं कशाला बोलू, त्यांना हरलेलं पाहायची थोडी हौस होती. चाचांनी ते वाचलं, कडेला भाव लिहिला आणि शांतपणे उजव्या खिळ्यावर अडकवलं. "खरं झालं तं खरंच म्हणावं लागन." पुन्हा पट्ट्याकडे वळले. असा हिशेबी न्याय मी नंतर कुठल्याही मोठ्या पेपरात पाहिला नाही.

तोवर विहिरीचं बांधकाम उरकून कंबरभर पाणी लागलं होतं. वहिनी आजही अधूनमधून म्हणते, "अजून एक महिना थांबलो असतो तं..."

दादा विहिरीच्या पाण्याचा तांब्या तेवढा तिच्यापुढे सरकवतो.