बिघडलेली हाक

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे फोरमनच म्हणायचे. कारखान्यात लेथ मशीनवर बत्तीस वर्षं काढलेली, त्यातली एकोणीस शॉपचे फोरमन म्हणून. कातून तयार झालेला जॉब हातात घ्यायचे, व्हर्निअर लावून माप बघायचे आणि केसाएवढी चूक निघाली तरी बोट वाकवून म्हणायचे, "इकडे ये." आवाज चढवायचे नाहीत. मशीनच्या गोंगाटात ते ऐकू जाणं शक्यच नसायचं, पण ज्याला जायला हवं त्याला बरोबर जायचं. तो माणूस मशीन बंद करायचा, हात पुसायचा, पुन्हा एकदा पुसायचा आणि मग निघायचा.

अशा माणसाच्या घरी मुलानं सात महिन्यांचं रिट्रीव्हर आणून सोडलं. कंपनी त्याला पाच महिन्यांसाठी परदेशी पाठवत होती. कुत्र्याचा रंग पिकलेल्या भोपळ्याचा, म्हणून नावही भोपळा.

"परीक्षेतसुद्धा तेवढाच मिळणार ह्याला," आई म्हणाली. कुत्र्यानं तोवर तिच्या चपलेचा अंगठा तोडला होता.

जाताना मुलगा दारात थांबला. "बाबा, एकच काम करा. हाक मारली की आला पाहिजे. माझ्या नव्या घरासमोर मैदान आहे आणि मैदानाला लागून मोठा रस्ता. मध्ये कुंपण नाही. येत नसेल, तर मला तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकावा लागेल."

"येईल. न यायला काय झालं?"

मुलानं वडिलांना सांगितलेलं हे पहिलंच काम. एरवी सगळे निरोप आईमार्फत. फोन वडिलांनी उचलला तर "बरंय ना? आईला द्या," इथवरच गाडी यायची. त्यामुळे फोरमननी हे काम अंगावरच घेतलं. वाया जाऊ द्यायचं नाही असा जॉब आला की ते गप्प गप्प व्हायचे, तसे झाले.

पहिला आठवडा झकास गेला. जिन्याच्या टोकाशी उभं राहून "इकडे ये" म्हटलं की भोपळा चारी पाय चार दिशांना टाकत यायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या कानात औषध घालायचं होतं. हाक मारली, आला, धरलं, घातलं. मग मोजा चावला म्हणून हाक मारली, मोजा दाखवून दोन शब्द सुनावले. आंघोळीसाठी हाक. मैदानावर खेळ रंगात आला की हाक, आणि आला की गळ्याला पट्टा अडकवून थेट घर. फोरमनना यात काही वावगं वाटलं नाही. काम असल्याशिवाय माणूस हाक मारतो कशाला?

महिनाभरात कुत्रा यायचा थांबला. म्हणजे पळून जायचा असंही नाही. हाक ऐकू आली की उभा राहायचा, जांभई द्यायचा, जमिनीला नाक लावून काहीतरी फार महत्त्वाचं हुंगायचा आणि मोठा वळसा घेऊन पाच पावलांवर येऊन बसायचा. त्याच्या पुढे नाही.

"मुद्दाम करतो," फोरमन म्हणायचे. शेवटी हाती लागला की उशीर केल्याबद्दल वेगळं बोलायचे.

एका सकाळी मैदानाच्या कडेनं एक मुलगी सायकलवर गेली आणि भोपळा तिच्या मागे सुटला. सायकल वळून गेली, हा थेट रस्त्यावर. फोरमन ओरडले, "इकडे ये! इकडे ये म्हणतो ना!" कुत्र्यानं वळून पाहिलं, कान पाडले आणि रस्त्याच्या मधोमध बसला. दुधाच्या व्हॅननं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून फोरमनना जे ऐकवलं, ते शॉपमध्ये त्यांना कुणी कधी ऐकवलं नव्हतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग कुत्र्याला उचलून कडेला आणलं.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सकाळी एक बाई लोकांची कुत्री शिकवायच्या. पूर्वी शाळेत खेळ घ्यायच्या, गळ्यातली शिट्टी अजून उतरली नव्हती, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. त्यांनी सगळा प्रकार बघितला होता.

"हाक मारल्यावर आला, की तुम्ही काय करता त्याचं?" त्यांनी विचारलं.

फोरमननी प्रामाणिकपणे सांगितलं. कान, मोजा, आंघोळ, पट्टा.

"म्हणजे हाक नाही ती, पोलीस ठाण्याचं बोलावणं आहे. मी तरी आले असते का?"

"मग आता?"

"तो शब्द गेला. टाकून द्या. दुसरा घ्या. असा, की जो ऐकून ह्याचं आजवर काही वाईट झालेलं नाही."

"एवढासा शब्द, दुरुस्त नाही होणार?"

"तुमच्या लेथवर जास्त कापला गेलेला जॉब परत जाड होतो का हो, फोरमन?"

हे वाक्य शॉपमध्ये फोरमन स्वतः नवीन पोरांना ऐकवायचे.

घरी येऊन त्यांनी बायकोला व्हॅनचं सांगितलं नाही, शब्दाचं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, ह्या घरात 'इकडे ये' ऐकून कुणाचं भलं झालंय? तुम्ही म्हणालात की मीसुद्धा आधी गॅस बंद करते."

"काहीतरीच तुझं."

"काहीतरीच काय? सहामाहीचा निकाल लागला तेव्हाचं आठवतंय? जुन्या बैठ्या घरात तुम्ही बाहेरच्या खोलीतून हाक मारलीत. पोरगं मागच्या दारानं बाहेर, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत. पंचवीस पावलांच्या वाटेला अर्धा तास. आणि आलं ते उंबऱ्यावरच थांबलं."

फोरमनना आठवलं. गणितात किती पडले होते ते आठवेना, पण उशीर केल्याबद्दल वेगळं बोललो होतो, ते आठवलं.

नवा शब्द शोधायची गरज पडली नाही, तो घरातच होता. फिरून परत येताना पहिल्या मजल्यावरच भोपळा जोर लावायचा आणि उरलेला जिना फोरमनना ओढत वर न्यायचा, कारण वरून बायकोचा आवाज यायचा, "आलास का? आलास का रे?" ती हे सगळ्यांनाच म्हणायची. मुलगा शाळेतून आला की म्हणायची, दप्तरात काय निघणार आहे हे माहीत नसताना. फोरमनना हा प्रश्न कायम बिनडोक वाटत आला होता. माणूस समोर उभा आहे, आणि विचारायचं आलास का?

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर तोच प्रश्न घुमू लागला. कुत्र्याला लांब दोरी, शर्टाच्या खिशात पिशवीत उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, आणि शंभर पावलांवरच्या कुत्र्याला उद्देशून भारदस्त आवाजात "आलास का?" बाकांवरची मंडळी खूश.

"फोरमन, चष्मा बदला! आलेला नाही तो, तिकडं खड्डा खणतोय!"

"पाठवून द्या ना मग," फोरमन म्हणायचे आणि पुन्हा हाक मारायचे.

शिट्टीबाईंचे नियम तीन. शब्द उगाच वापरायचा नाही. आला की दर वेळी काहीतरी चांगलं मिळालंच पाहिजे. आणि आल्याआल्या पट्टा अडकवायचा नाही. खाऊ द्यायचा, परत सोडायचा, मग कधीतरी सहज अडकवायचा. हे नियम फोरमननी मापासारखे पाळले. बायकोलाही ताकीद दिली, तिनं घरात तो शब्द वाटेल तसा उधळायचा नाही. "बरं," ती म्हणाली, "आता घरात आल्यागेल्याला काय विचारू? पावती दाखवा?"

चौथ्या महिन्यात दोरी सुटली. पाचव्यात भोपळा चेंडू तोंडातून टाकून यायला लागला. एकदा तर मांजराचा पाठलाग अर्ध्यावर सोडून आला, आणि बाकांवरून टाळ्या पडल्या. तुकडा देताना फोरमन खाली वाकायचे, कुत्रं त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकवायचं. हे इतकं सोपं होतं, याचाच त्यांना कधी कधी राग यायचा. कोणावर, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मुलगा रविवारी दुपारी आला. आई आंघोळीला गेली होती, म्हणून दार फोरमननी उघडलं. मुलगा वाळला होता, दाढी ठेवली होती. फोरमनच्या ओठांवर शब्द आला होता. दिवसातून चाळीस वेळा म्हणायची सवय झाली होती. पण भोपळा पायाशीच बसला होता आणि खिसा रिकामा होता. शब्द उगाच वापरायचा नाही.

"गाडी कुठं लावलीस?" ते म्हणाले.

"खाली. आई कुठाय?"

संध्याकाळी तिघं कुत्र्याला घेऊन गाडीनंच मैदानावर गेले, मुलगा तिथूनच परस्पर निघणार होता. भोपळा सुटला, पार दुसऱ्या टोकाला गेला. "बघू या," म्हणत मुलानं बोट वाकवलं आणि आवाज न चढवता, अगदी त्याच सुरात म्हणाला, "भोपळ्या, इकडे ये."

लांबवर कुत्रं उभं राहिलं. जांभई दिली. जमीन हुंगायला लागलं.

"येत नाही, बाबा."

"त्या शब्दाला नाही येत. तो शब्द माझ्या हातून बिघडला." फोरमननी पुढचंही सांगितलं. "पहिल्या महिन्यात."

"पहिल्या महिन्यात?" मुलगा हसला. "मला वाटलं, त्याच्या बराच आधी."

तो थट्टेनंच म्हणाला. आई दुसरीकडे बघायला लागली. बोलायची वेळ असलीच तर हीच होती, हे फोरमनना कळत होतं. काय बोलायचं तेही साधारण माहीत होतं, सहामाहीपासून सुरुवात करायची. त्यांनी खिशातली पिशवी काढली.

"ह्याला उकडलेली कोंबडी लागते. बिस्किटं देऊ नकोस, पोट बिघडतं," ते म्हणाले, आणि मैदानाकडे वळून हाक मारली, "आलास का?"

भोपळा सुसाट निघाला. वाटेत एक फुगा आडवा गेला, त्याच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. येऊन गुडघ्यापाशी बसला.

"कमाल केलीत, बाबा! हे तर आईचं." मुलानं स्वतःही दोनदा हाक मारून बघितली. दोन्ही वेळा कुत्रं आलं. म्हणजे काम झालं होतं. कुत्रं कुठल्या परक्याकडे जाणार नव्हतं, मुलाच्याच घरी जाणार होतं. मुलानं घड्याळ बघितलं. "निघू या? अंधाराच्या आत पोचायचंय. घ्या त्याला."

फोरमननी हाक मारली, तुकडा दिला आणि कुत्र्याला परत सोडलं. "लगेच अडकवायचं नाही," त्यांनी मुलाला समजावलं. "नियम आहे." पुन्हा हाक मारली, तुकडा दिला, सोडलं. मग आणखी एकदा. मुलगा गाडीशी जाऊन मागचं दार उघडून उभा राहिला. त्यानंतरही दोनदा.

"अहो," आई हळूच म्हणाली, "तो थांबलाय."

फोरमननी सहाव्यांदा विचारलं, "आलास का?" भोपळा आला, बसला, तोंड वर केलं. पिशवीत बोटं घातली तर तुकडे संपले होते. त्यांनी पट्टा अडकवला.

"बाबा, लगेच नाही ना लावायचा?" मुलगा गाडीपासून म्हणाला.

"माहितीये," फोरमन म्हणाले, आणि पट्ट्याचं दुसरं टोक त्याच्या हातात द्यायला निघाले.