माझ्या कानातली केशरी बुचं

शनिवारी सेलूला आमच्या घरी पाहुणे आले होते… मला बघायला. येणार होते संध्याकाळी, टपकले दुपारीच. मी तेव्हा चारठाण्याहून परत येत होते, मोटारसायकलवर.

मी कृषी सहाय्यक आहे. माझी गावं जिंतूर तालुक्यात, त्यामुळे रोजचं येणं-जाणं गाडीवरच. आणि गाडीवर असले की हेल्मेटच्या आत माझ्या कानात इअरप्लग असतात. केशरी रंगाचे, एका दोरीने जोडलेले. आई त्यांना बुचं म्हणते, आता मीही तेच म्हणते.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. माझे पप्पा बोरीला एका पतसंस्थेत कारकून होते. सगळी नोकरी सेलू ते बोरी मोटारसायकलवर गेली, कानाला फक्त रुमाल बांधून… आता त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या कानाशी जाऊन ओरडावं लागतं. आमचा टीव्ही सगळी गल्ली ऐकते आणि पप्पा विचारतात, आवाज कुणी कमी केला?

मला नोकरी लागली आणि घरी आल्यावर माझ्याही कानात शीळ वाजायला लागली. जेवण होईपर्यंत वाजत राहायची. परभणीचे कानाचे डॉक्टर म्हणाले, पप्पांचं थोडं वयाचं आहे, पण वाऱ्यानेही हात धुऊन घेतलेत. हेल्मेट डोकं वाचवतं, वाऱ्याचा घोंघाट अडवत नाही, आणि गेलेले कान परत येत नाहीत. त्या दिवसापासून मी बुचं घालते म्हणजे घालतेच.

लोकांना काय, बोलायला विषय हवा. कुणी म्हणतं मॅडम गाणी ऐकत गाडी हाणतात, कुणी म्हणतं हॉर्न ऐकू येणार नाही. येतो हो… घोंघाट कमी झाला की उलट बरा येतो. शेजारच्या काकू म्हणतात, कापसाच्या गावात राहून विकतची बुचं कशाला, चिमूटभर कापूस घाल की. पप्पांनी तोही घालून बघितला होता, काकू. काही उपयोग झाला नाही.

तर शनिवारी आईने बजावलं होतं, आजचा दिवस बसने जा. मी ऐकलं नाही. हे स्थळ तिला फार हवं होतं, कारण माझी तिशी आलीय आणि मुलगा शिक्षक. खरं सांगते, मलाही फोटो आवडला होता…

दारात गाडी लावली, हेल्मेट काढलं, बुचं काढून डबीत ठेवली. वर बघते तर बैठकीच्या खिडकीत पाहुण्यांची डोकी. आई मागे कपाळाला हात लावून उभी.

तोंड धुऊन बैठकीत गेले, सगळ्यांना जयभीम केला. मुलाच्या मावशीने एकेक शब्द तोडत, मोठ्याने माझं नाव विचारलं आणि हाताने खूणही केली. मला वाटलं, पप्पांशी बोलून बोलून आवाज चढला असेल. मी नाव सांगितलं आणि पोह्यांच्या प्लेटा द्यायला लागले.

आई चहा आणायला आत गेली. तशी मावशी मुलाच्या आईला म्हणाली, अगदी सहज, आवाजसुद्धा न दाबता… "कानाची मशीन काढून ठिवलीय तिनं. आता काय ऐकू येत नसंल."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी मान खाली घालून प्लेटा देत राहिले. म्हटलं, होऊन जाऊ दे.

मुलाची आई म्हणाली, बाप बहिरा, पोरगीबी बहिरी, घराण्यातच हाय. मावशीने तिची समजूत घातली. "असू दे की अक्का. पगार हाय. अन् ऐकू येत न्हाई म्हणल्यावर उलटं बोलायची न्हाई." मुलगा गालात हसला. गाडी तेवढी बंद करायला लावू म्हणाला.

आणि माझे पप्पा समोरच बसले होते. त्यांना वाटलं पोह्यांचं कौतुक चाललंय. हसत हसत त्यांनी मुलाच्या आईपुढे प्लेट सरकवली, घ्या की अजून, लाजू नका… फोटोतला तो मुलगा माझ्यापुरता तिथेच संपला.

मी ट्रे खाली ठेवला, डबी आणून त्यांच्यासमोर उघडली. ही मशीन नाही, वाऱ्यापासून कान वाचवायची बुचं आहेत, आणि आत आई कपात चहा ओततेय तेही मला ऐकू येतंय, असं सांगितलं. मग म्हणाले, "माझ्या पप्पांना ऐकू येत नाही म्हणून तुम्ही त्यांच्या तोंडावर बोललात. मला सगळं ऐकू आलंय. आणि उलटं बोलायला मला लय चांगलं येतं."

मावशी तसं न्हवतं म्हणायचं, तसं न्हवतं म्हणायचं करत राहिली. मुलगा मोबाईलमध्ये बघायला लागला. आई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही.

आई त्यांना म्हणाली, "चहा घेऊन जावा. परत यायची तसदी घेऊ नका."

ते गेल्यावर पप्पा गोंधळून विचारायला लागले, काय झालं, काय म्हणले पाहुणे? मी त्यांच्या उजव्या कानाशी गेले आणि ओरडून सांगितलं की पोरगी लय बोलती म्हणले. पप्पा खदखदून हसले. म्हणाले, मग, खोटं हाय का?

सोमवारी गाडी काढली तर डबी सापडेना. ती आईच्या हातात होती, बुचं धुऊन पुसून ठेवलेली. घाल म्हणाली, आणि मी घालेपर्यंत दारातून हलली नाही.

ज्यांना ती मशीन वाटते त्यांना खुशाल वाटो. जे पप्पांना ऐकू आलं नाही, ते ऐकायला घरात कुणाचे तरी कान शाबूत पाहिजेत…