जहाजावरची मत्स्यपूजा

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हा सासरच्या मंडळींचं मराठी ऐकून पहिले काही महिने नुसती हसत होते. ही माणसं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा स्वारीबरोबर इकडे आली आणि परत जायचं विसरली. मराठी मात्र तेवढं जपून ठेवलं, मधेमधे कन्नडची ठिगळं लावून. सासूबाई जेवायला वाढताना म्हणायच्या, "स्वल्प भात घे मा." नको म्हटलं की, "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून वाढायच्याच.

सासूबाईंना सगळे अम्मा म्हणत आणि माझ्या थोरल्या दिरांना सगळं गाव अण्णा म्हणे. अण्णांचं होसकोट्याला पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. सर्जापूर रोडला तेव्हा शेतं होती, शेतात बोअरवेल होत्या आणि बोअरवेलमध्ये अण्णांचे पंप होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पंपांच्या कंपनीने एका वर्षी जाहीर केलं की भरपूर पंप विकणाऱ्या डीलरांना सहकुटुंब सिंगापूरहून जहाजाच्या सहलीला नेणार. सहकुटुंब म्हणजे नवराबायको, असं कंपनीला म्हणायचं होतं. अण्णांनी त्याचा अर्थ आमचं कुटुंब असा घेतला. त्यामुळे अण्णा, माझ्या जाऊबाई, अम्मा, माझा नवरा आणि मी अशी वरात निघायची ठरली.

अण्णांना कुठलीही गोष्ट तयारीशिवाय करवत नसे. आधी त्यांनी सूट शिवून घेतला. मग घरात काटाचमच्याचा सराव सुरू झाला. रोज सकाळी आम्ही सगळे सुरीने डोसा कापत असू. अम्मा तेवढ्या हाताने खायच्या आणि म्हणायच्या, "डोशाला काय हाडं आहेत काय रे कापायला?"

शेवटी आला समुद्राचा सराव. जहाजावर पोटात ढवळतं असं अण्णांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी एका रविवारी आम्हांला बेळ्ळंदूरच्या तळ्यावर नेलं. तळ्याला वास तेव्हाही होता. पुढे ज्यासाठी ते बातम्यांत गाजलं तो फेस यायचा बाकी होता. काठावर एका मासेमाऱ्याची टोपलीसारखी गोल नाव होती. अण्णा सूट घालून तिच्यात बसले, कारण सराव करायचा तर पोशाखासकट. ती नाव पुढे कमी जाते आणि स्वतःभोवती जास्त फिरते, हे त्यांना पाण्यात गेल्यावर कळलं. काठावर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा कोथिंबिरीच्या चटणीसारखा झाला होता. झाडाला धरून जरा उभे राहिले आणि म्हणाले, "दोष पाण्याचा नाही. भांड्याचा आहे. भांडं गोल आहे."

आमच्या जहाजाचं भांडं लांबट होतं आणि इतकं मोठं होतं की ते हलतंय हे कळायला खिडकीबाहेर बघावं लागे. अण्णांना काही झालं नाही. बेळ्ळंदूरच्या सरावाचा हा परिणाम, असं ते भेटेल त्याला सांगू लागले.

पहिल्याच दिवशी भोंगा वाजला. जहाजाची ती रीतच असते. सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घालून वरच्या डेकवर जमायचं आणि जहाज बुडायला लागलं तर काय करायचं हे शिकून घ्यायचं. हे आम्हांला ठाऊक होतं, पण अम्मांना सांगायचं राहून गेलं. त्या नऊवारीवर जाकीट चढवून, एका हातात देवांचा डबा आणि दुसऱ्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन वर आल्या. चेहरा शांत. आयुष्यात जे मिळवायचं ते या दोन हातांत आहे, बाकी बुडालं तरी चालेल, असा. एका गोऱ्या अधिकाऱ्याने सामान आणायचं नाही असं खुणेनं सांगितलं. अम्मा मला म्हणाल्या, "त्याला सांग, हे सामान नाही. देव आहे." लोणच्याबद्दल त्यांनी मौन पाळलं.

ही नुसती रंगीत तालीम होती हे कळल्यावर मात्र त्या भडकल्या. "बुडायचं नाही, तर मग झोपेतून उठवलं कशाला?" जाकीट त्यांनी परत दिलं नाही. खोलीतल्या एसीत ते उबदार लागतं म्हणाल्या आणि दोन दिवस ते घालूनच झोपल्या.

दुसरी रीत कॅप्टनबरोबर फोटो काढण्याची. सूटबूट घालून जेवायला जायचं, दाराशी कॅप्टन उभा, त्याच्याशी हात मिळवायचा, फोटोवाला खटका दाबणार. अण्णांची समजूत अशी की आपल्याला खास बोलावलंय. तिथे जाऊन पाहतात तर रॉकेलच्या दुकानापुढे असते तशी रांग. पण त्यांनी धीर सोडला नाही. कॅप्टनला सांगायला एक इंग्रजी वाक्य त्यांनी घरूनच पाठ करून आणलं होतं. पाणी हा आपल्या दोघांचाही धंदा आहे, अशा अर्थाचं. त्यांची पाळी आली, त्यांनी हात मिळवला, तोंड उघडलं, तेवढ्यात कॅप्टन "वेलकम" म्हणून कॅमेऱ्याकडे बघायला लागला आणि खटका पडला. त्या फोटोत अण्णांचं तोंड अजून उघडंच आहे.

तिसऱ्या दिवशी जहाज विषुववृत्त ओलांडणार होतं. रेषा ओलांडताना समुद्राच्या राजाची परवानगी घ्यायची, अशी खलाशांची जुनी चाल. सकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत तिची सगळी माहिती होती आणि खाली लिहिलं होतं, भाग घेणाऱ्याला कॅप्टनच्या सहीचं प्रशस्तिपत्र. अण्णांनी तेवढंच वाचलं. कर्नाटकातून पहिलं प्रशस्तिपत्र आपलंच आलं पाहिजे, हे त्यांनी नाश्त्यालाच जाहीर केलं. दावणगेऱ्याचा एक डीलर त्यांच्यापेक्षा जास्त पंप विकायचा. तो पलीकडच्या टेबलावर होता, म्हणून हे त्यांनी जरा मोठ्यानेच जाहीर केलं.

पोहण्याच्या तलावापाशी गर्दी जमली. समुद्राचा राजा म्हणजे कापसाची दाढी लावलेला आणि पुठ्ठ्याचा त्रिशूळ धरलेला एक गोव्याचा खलाशी. दोन्ही बाजूंना बर्फाच्या पाण्याच्या बादल्या घेतलेले दोन सेवक. समोर टेबलावर, बर्फाच्या थरावर, हाताएवढा लांब मासा. तोंड उघडं, डोळे टक्क. राजापुढे गुडघे टेकायचे, माशाचा मुका घ्यायचा, मग सेवक डोक्यावर बादली ओतणार. झाली परवानगी.

परदेशी पाहुणे हसत हसत जाऊन मुके घेऊन आले. मग डीलरांची पाळी. कंपनीचा दिल्लीचा मॅनेजर माइक घेऊन ओरडत होता, "आओ भाई, मछली ही तो है!"

अण्णा दोन पावलं पुढे गेले आणि मासा बघून थांबले. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राही. त्यांनी मागे वळून आशेने दावणगेऱ्याच्या डीलरकडे पाहिलं. तो लिंगायत. तो आपल्या बुटांकडे बघत होता. हुबळीचा डीलर कुठे नाहीसा झाला ते कळलंच नाही. पंप विकण्यात एकमेकांचे गळे धरणारे हे सगळे शूर लोक एका मेलेल्या माशापुढे प्रथमच एक झाले होते.

अण्णांनी राजाला हळूच विचारलं, "काकडी चालेल काय?"

राजा गोव्याचा असल्याने त्याला मराठी कळत होतं. तो म्हणाला, "समुद्राच्या राज्यात काकडी चालत नाय, साहेब."

अम्मा एवढा वेळ सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली. "काय चाललंय मा? अण्णा का असा उभा?"

"रेषा ओलांडायची म्हणून माशाचा मुका घ्यायचा असतो, अम्मा. अण्णांना घेववत नाही."

"मुका?" अम्मांनी नाक मुरडलं. "मत्स्यावतार तो. दहांतला पहिला. पहिल्या अवताराचा मुका घेतात काय कुणी? या लोकांना कुणी सांगितलंच नाही वाटतं."

त्या उठल्या. कमरेचा चंची-बटवा सोडला आणि त्यातून हळदीकुंकवाची डबी काढली. माशाला कपाळ कुठे असतं, याचा त्यांना क्षणभर विचार पडला. मग दोन डोळ्यांच्या मधली जागा त्यांनी कपाळ म्हणून ठरवली आणि तिथे हळद लावली, वर कुंकू लावलं. जाऊबाईंनी बंगळूरहून ओल्या फडक्यात गुंडाळून मोगऱ्याचा गजरा आणला होता. त्यातलं एक फूल अम्मांनी तोडून घेतलं आणि माशाला वाहिलं. हात जोडले, डोळे मिटले. मॅनेजरने माइक खाली घेतला. समुद्राच्या राजाला काय वाटलं कोण जाणे, त्याने मुकुट काढून काखेत धरला.

सेवक बादली घेऊन पुढे आला, तशा अम्मा म्हणाल्या, "अरे, एवढं नको. मला दमा आहे." आणि उजवा हात खोलगट करून पुढे धरला. त्या बिचाऱ्याला काय करावं कळेना. राजाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने बादलीत बोटं बुडवून चार थेंब अम्मांच्या तळहातावर सोडले. अम्मांनी ते तीर्थ घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

त्यानंतर जे झालं ते आवरणं कॅप्टनच्याही हातचं नव्हतं. दावणगेरेवाल्याची बायको उठली. तिच्यामागे हुबळीवाल्याची. बघता बघता डीलरांच्या बायकांची रांग लागली. माशाचं तोंड कुंकवाने माखून गेलं. कुणी केसांतलं फूल वाहिलं, कुणी जहाजावरच्या न्याहारीतलं केळं ठेवलं. मग पुरुष आले. अण्णांनी सगळ्यांत आधी जाऊन साष्टांग नमस्कार घातला, सुटाच्या पँटीसकट, ओल्या डेकवर. दावणगेरेवाल्याने त्याहून लांब घातला. परदेशी पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांतली एक म्हातारी बाई पुन्हा रांगेत उभी राहिली आणि हळदीकुंकू लावून घेऊन गेली.

प्रशस्तिपत्रं सगळ्यांना मिळाली. प्रश्न उरला माशाचा.

"आता विसर्जन," अम्मा म्हणाल्या.

समुद्रात काहीही टाकायला बंदी आहे, असं जहाजाच्या लोकांनी सांगितलं. अम्मांना ते पटेना. "मासा समुद्रातलाच ना रे? घरीच तर पाठवायचा." माझा नवरा मध्यस्थी करायला गेला. जहाजावरचा एक हसतमुख अधिकारी आला, अम्मांसमोर वाकला आणि म्हणाला, विसर्जन आम्ही आमच्या पद्धतीने, पूर्ण मान राखून करू. अम्मांना ते मान्य झालं. मासा पांढऱ्या कापडाखाली झाकून आत नेला गेला.

संध्याकाळच्या जेवणात, मांसाहारी टेबलावर, लिंबाच्या चकत्या लावलेला एक भला मोठा भाजलेला मासा होता. अण्णा ताटात नुसता भात घेऊन त्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आले. "कुंकू दिसत नाही," त्यांनी आम्हांला येऊन सांगितलं. अम्मांनी विचारलं, कसलं कुंकू? जाऊबाईंनी लोणच्याची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. दिल्लीचा मॅनेजर मात्र तिथे दोनदा वाढून घेत होता.

अण्णांनी प्रशस्तिपत्र फ्रेम करून होसकोट्याच्या दुकानात लावलं. बोअरवेलसाठी आलेले शेतकरी ते बघून विचारत, ही कुठली परीक्षा? अण्णा म्हणत, "समुद्राची. पास झालो."

पुढच्या वर्षी कंपनीने पुन्हा नेलं. या वेळी जहाज विषुववृत्तापर्यंत जाणारच नव्हतं. पण छापील कार्यक्रमात ठळक अक्षरांत होतं, पारंपरिक मत्स्यपूजा, सकाळी, तलावापाशी. खाली कंपनीचं चिन्ह. आमची परंपरा एका वर्षात पुरातन झाली होती. डीलरांच्या बायका घरून नारळ, पंचपात्र, निरांजनं घेऊन आल्या होत्या. निरांजनाला जहाजाने परवानगी दिली नाही, म्हणून बॅटरीवरचे दिवे मिळाले. मासा प्लॅस्टिकचा होता. मागच्या वर्षीच्या डागांचा डेकवाल्यांना फार त्रास झाला होता म्हणे.

अम्मा रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली आणि त्यांनी डबी उघडली, तेव्हा पहिल्यांदाच आलेली रायचूरची एक तरुण डीलरीण त्यांचा हात धरून गोड आवाजात कन्नडमध्ये म्हणाली, "असं नाही, अज्जी. आधी शेपटीला लावायचं. मग डोळ्यांना. तशी पद्धत आहे."

मी पुढे होऊन सांगणार, की बाई, ही पद्धत ज्यांनी काढली त्या याच. अम्मांनी मला कोपराने मागे ढकललं.

"हो काय?" त्या म्हणाल्या. "सरी." आणि शेपटीला कुंकू लावलं.

बाजूला आल्यावर मी विचारलं, "अम्मा, बोलला का नाहीत?"

"कशाला मा? तिला केवढी माहिती आहे." मग मागे वळून त्या प्लॅस्टिकच्या माशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शिवाय याला काय, कुठेही लाव. चल, तिकडे आकड्यांचा खेळ चाललाय. त्यात बक्षिसं खरी देतात."