बटण कोणीच दाबलं नव्हतं

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आजवर कोणासमोर तोंडच उघडलं नाही मी — आणि आता तुम्हाला सांगतानाही दात आवळले जातायत. राग कोणाचा? थांबा, येतो तिथवर.

कळमेश्वरच्या एमआयडीसीत, एका बिस्किटांच्या कारखान्यात मी कंट्रोल पॅनेलचं काम बघायचो. मशीनच्या प्रत्येक बटणापासून एक तार पॅनेलमधल्या पीएलसीकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरकडे येते. बटण दाबलं की पीएलसीवर बारीक हिरवा दिवा लागतो, मशीनला हुकूम जातो. ही तार नाजूक. मोटरच्या जाड केबलपासून ती लांब न्यायची, तिच्यावरची जाळी अर्थिंगला जोडायची; नाहीतर मोटर सुरू होताना तारेत खोटा इशारा उमटतो, बटण दाबल्यासारखा. डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवतात हे.

कणीक वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या स्टार्ट बटणाची तार मी बाजूच्या मिक्सरच्या मोटरच्या केबलच्याच पाइपातून ओढली. जाळी कापली, टेप गुंडाळली. का? वेगळा पाइप टाकायचा कंटाळा आला म्हणून. दुसरं कारण खूप शोधलं — नाही सापडलं.

त्या पट्ट्यावर वंदनाताई होत्या, पारशिवनीकडच्या. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, "साहेब, हा पट्टा आपल्याआपच चालू होऊन राहिला. बाजूचा मिक्सर लावला का झटका मारते." मी पॅनेल उघडून उभा राहिलो. मिक्सर सुरू झाला आणि तो हिरवा दिवा लुकलुकला — बटणाजवळ चिटपाखरू नसताना! मी पाहिलं ते. या डोळ्यांनी पाहिलं. आणि दार लावून म्हणालो, "बघतो."

नाही बघितलं.

एके दिवशी वंदनाताई पट्ट्याच्या रोलरला चिकटलेली कणीक काढत होत्या. कोणीतरी मिक्सर लावला, पट्टा फिरला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मेन स्विच बंद करूनच सफाई करायची, असा नियम होता आणि तो तिथं कोणीच पाळत नव्हतं — हे मी स्वतःला कितीदा ऐकवलंय! लाज वाटते त्याची. दिवा लुकलुकला होता तो मेन स्विचमुळे नव्हे, मी ओढलेल्या तारेमुळे.

चौकशीत मॅनेजरनं सगळ्यांसमोर मला विचारलं. मी काय म्हणालो? "बटण दाबल्याशिवाय पट्टा चालतच नाही." आवाजही कापला नाही माझा. वंदनाताई हाताला पट्टी बांधून समोर उभ्या होत्या. "म्या बटनाले हातच नाही लावला. या साहेबाले सांगतलंही होतं. मले काहून खोटं पाडून राहिले?" मी म्हणालो, मला असं काही आठवत नाही. त्यांना निष्काळजी ठरवून काढून टाकलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटाच गेलो. वेगळा पाइप टाकला, जाळी अर्थिंगला जोडली, मिक्सर लावून पाहिला. दिवा लागला नाही. जेवणाच्या सुट्टीआधी संपलं सगळं. एवढंसंच काम होतं ते! एवढंसं!

पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. आतापर्यंतचं भित्रेपण होतं — त्याला निदान भित्रेपण तरी म्हणता येतं. मागच्या वर्षी त्या मला कळमेश्वरच्या बसस्टँडवर भेटल्या. मी तोंड फिरवणार होतो, त्यांनीच हाक मारली. माझ्या पोरांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "आता मलेच वाटते साहेब, माझाच कोपर लागला असन बटनाले. तुमी शिकलेले, तुमी कायले खोटं बोलसान?"

आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, पोलीस येणार नव्हते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. आणि मी — मी हसून म्हणालो, "होतं असं, ताई. घाईत होतं."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी.

पारशिवनीची बस लागली. डाव्या हातानं दांडा धरून त्या वर चढल्या, खिडकीतून मला हात केला. मीही केला.